बिनधुराचा कोळसा

शेजारच्या साहेबांच्या मुलाने पुण्याहून पाठवलेली शेगडी मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला वाटलं, कोणीतरी तेलाचं पिंप आडवं कापून त्याला चाकं लावली आहेत. वर झाकण, झाकणावर उष्णता दाखवणारी तबकडी, बाजूला चिमटे अडकवायला हुक. साहेब रेल्वेतून निवृत्त होऊन भुसावळचं क्वार्टर सोडून जळगावात आले आणि आमच्या शेजारचा बंगला त्यांनी घेतला. दोन्ही घरांच्या मागच्या अंगणांमध्ये छातीइतक्या उंचीची एक भिंत आहे, त्यामुळे त्यांच्याकडे काय शिजतं ते आम्हाला कळतं आणि आमच्याकडे काय बिनसलं ते त्यांना.

शेगडीबरोबर कोळशाची एक पिशवी आली होती. जाड कागदाची, चकचकीत, वर ज्वाळांचं चित्र. चित्राखाली प्रीमियम, नॅचरल आणि रेस्टॉरंट ग्रेड असे तीन शब्द. मी पाइपच्या कारखान्यात गुणवत्ता विभागात काम करतो. ग्रेड हा शब्द माझ्या दिवसभराच्या कामाचा आहे. पाइपवर ग्रेड छापण्याआधी आम्ही त्यात दाबाने पाणी भरतो, तासन्‌तास ठेवतो, फुटतो का बघतो. या पिशवीवर ग्रेड छापणाऱ्याने कोळसा पेटवून पाहिला असेल असं मला वाटत नाही. त्याने छापखाना पाहिला होता.

मी हे सगळं अशा तोऱ्यात लिहितोय त्याला कारण आहे. मी कोळशावर वाढलो. धुळ्याला कोर्टाच्या मागच्या गल्लीत माझ्या वडिलांचं इस्त्रीचं दुकान होतं. दुकान म्हणजे पुढे पत्र्याची टपरी आणि मागे आमची राहायची खोली. वडील, म्हणजे आमचे आबा, कोळशाच्या इस्त्रीने वकिलांचे कपडे करायचे. शेती भावकीत वाटून वाटून उभं राहण्यापुरती उरली तेव्हा ते गाव सोडून धुळ्याला आले होते. त्या टपरीच्या जिवावर मी बी.एस्सी. झालो. आमच्या घराण्यात माझ्याआधी दहावीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. निकाल लागला त्या दिवशी आबांनी माझाच शर्ट दोनदा इस्त्री केला आणि मला शाळेतल्या बाईंच्या पाया पडायला पाठवलं. त्या बाईंनी आठवीत मला वर्गाबाहेर बोलावून सांगितलं होतं की तू कॉलेजात जायचं आहेस, घरी विचारत बसू नकोस, सांगून टाक. बाई आणि आबा, या दोघांचं मी देणं लागतो, आणि ते फिटणार नाही हे मला माहीत आहे.

तर आबा मागच्या दिवाळीपासून आमच्याकडे जळगावला होते. आई गेल्यावर ते धुळ्याच्या खोलीत एकटेच राहत होते. दुकान बंद झालं होतं. गल्लीत विजेच्या इस्त्रीवाले आले, मग गॅसच्या इस्त्रीवाले आले, मग घरोघरी कपडे न्यायला येणारे आले. श्रावणात ते मोरीत घसरून पडले आणि दार उघडेना म्हणून सकाळी शेजाऱ्यांनी धक्के देऊन कडी वाकवली. तेव्हापासून फोन वाजला की तो उचलण्याआधी मी चपला शोधायचो. मी त्यांना घेऊन आलो. आले, पण राहिले नाहीत. म्हणजे शरीराने होते. मागच्या अंगणात धुण्याच्या दगडाशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत बसायचे, जेवायला बोलावलं की जेवायचे, आणि त्यांची कापडी पिशवी त्यांच्या खाटेखाली भरलेली तशीच. मी काही विचारलं की त्यांच्या अहिराणीत एकच उत्तर.

"संक्रांत व्हयनी का मी जासू. आठे मना काय काम शे?"

इथे काय काम म्हणतात, म्हणून आम्ही कामं शोधली. माझ्या बायकोने त्यांना भाजी निवडायला दिली, त्यांनी निवडून दिली. मी त्यांना बागेत फिरायला नेलं, ते एका बाकावर बसून राहिले. आबांचा स्वभाव मुळात तिखट. गल्लीतल्या प्रत्येकाबद्दल त्यांच्याकडे एक वाकडं वाक्य तयार असायचं. वकिलांच्या कॉलरवरून ते त्यांची वकिली ओळखायचे आणि बहुतेकांना नापास करायचे. ते जळगावला आल्यापासून कोणाबद्दल काही वाईट बोलले नव्हते. मला त्याचीच जास्त भीती वाटत होती.

मग एका रविवारी सकाळी साहेबांनी शेगडी पेटवली.

त्यांनी मोबाईल खिडकीच्या कठड्यावर उभा करून ठेवला होता आणि त्यात कोणी एक दाढीवाला माणूस इंग्रजीत कोळसा कसा रचायचा ते सांगत होता. साहेबांनी अंगात एप्रन घातला होता. पिशवीतून निघाले ते सगळे एकाच मापाचे, उशीच्या आकाराचे काळे गोळे. दाढीवाल्याने सांगितलं तसे त्यांनी ते रचले, बाटलीतून कसलंसं तेल ओतलं आणि काडी लावली. ज्वाळा उठल्या, पिशवीवरच्या चित्रासारख्याच. साहेबांनी त्यांचा फोटो काढला. ज्वाळा बसल्या आणि धूर सुरू झाला. पिवळट, जड, रॉकेलच्या वासाचा धूर भिंत ओलांडून आमच्याकडे आला आणि आबांच्या खुर्चीभोवती घुटमळला.

आबा खोकले. मी आतून पाणी घेऊन धावलो. तोवर ते उठून भिंतीपाशी उभे होते.

"साहेब," ते म्हणाले, "कोनी मरी गयं का?"

साहेब डोळे पुसत म्हणाले, "नाही आबा, पनीर टिक्का करतोय."

"पनीर शे व्हय. माले वाटनं, टायर शे."

साहेबांना राग आला नाही. त्यांनी भिंतीवरून एक गोळा आबांच्या हातात दिला. "मुलाने ऑनलाइन मागवून पाठवलाय आबा. रेस्टॉरंट ग्रेड आहे."

आबांनी गोळा तळहातावर घेतला, उलटा केला, नखाने खरवडला. मग भिंतीच्या कडेला हलकेच दाबला तर त्याची भुकटी झाली. त्यांनी ती भुकटी साहेबांच्या डोळ्यांसमोर फुंकली.

"हाऊ कोयसा नही शे. हाऊ भुसा शे. भुसाना लाडू वळेल शेत. तुमना पोर्‍याने तुमले भुसाना लाडू धाडात."

"आबा, यात नारळाची करवंटी आहे म्हणे."

"मंग चटणी करा."

साहेब हसले. त्यांनी एप्रन काढून भिंतीवर टाकला आणि म्हणाले, "बरोबर आहे बुवा. सोनं जळगावात आणि कोळसा धुळ्यात. तुम्हीच आणून द्या मग."

"सोनं पेटाडी दखा, कितलं शिजस," आबा म्हणाले, आणि खुर्चीकडे परत आले. मी पाण्याचा पेला घेऊन उभा होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पेल्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "उभा काब्र शे? गाडी काढ. वखारले जानं शे."

कोळशाबद्दल आमच्या घरात जेवढं बोललं गेलं तेवढं देवाबद्दलही बोललं गेलं नसेल. ज्याने कोळशाची इस्त्री हाताळली नाही त्याला हे कळणं अवघड आहे. इस्त्रीच्या पोटात निखारे असतात आणि तिच्या कडेला हवा जायला भोकं असतात. निखारा तडकला की त्या भोकातून ठिणगी उडते आणि खाली वकिलाचा पांढरा शर्ट असतो. एवढीशी ठिणगी, पण तिने पडलेलं भोक कोणाला बुजवता येत नाही. धुराचंही तेच. कोळसा कच्चा असला, म्हणजे आत लाकूड राहिलं असलं, तर तो धुरतो आणि धुराचा वास कपड्यात बसतो. एका वकिलाने एकदा कोट परत आणला आणि काउंटरवर न ठेवता दोन बोटांनी लांब धरून उभा राहिला. "चुलीपाशी झोपला होता का माझा कोट?" एवढंच म्हणाला. त्या दिवसापासून पोत्यातला प्रत्येक तुकडा आईच्या हाताखालून गेल्याशिवाय इस्त्रीत गेला नाही.

आई पोतं तरटावर उपडं करायची आणि निवडायला बसायची. साल चिकटलेला तुकडा बाजूला, कारण साल तडतडते. तपकिरी झाक असलेला बाजूला, कारण तो धुरतो. दोन तुकडे एकमेकांवर वाजवायचे. चांगला कोळसा काचेसारखा खणकतो. कच्चा असेल तर लाकडासारखा ठक्क वाजतो, आणि ओला असेल तर वाजतच नाही. मोडल्यावर आतून चमकला पाहिजे, लाकडाच्या रेषा दिसल्या पाहिजेत, आणि हाताला फार काळं लागता कामा नये. बाभळीचा असला तर उत्तम, चिंचेचा चालेल, आंब्याचा पटकन पेटतो आणि पटकन मरतो. हे सगळं मला सातवीत असताना आवर्त सारणीच्या आधी पाठ होतं. आमच्या दुकानातून गेलेल्या कपड्याला कसलाही वास नाही, हीच आमची पाटी होती. दुसरी पाटी आम्ही कधी लावली नाही.

पहिल्या वखारीत मालक गादीवर लोळून मोबाईल पाहत होता. आबांनी पोत्यात कोपरापर्यंत हात घातला आणि तळातून मूठ काढली. वर मोठे तुकडे, तळाला चुरा आणि चुऱ्यात माती. त्यांनी मधला एक तुकडा गालाला लावला.

"हाऊ वल्ला शे."

"बाबा, थंडी आहे. दव पडतं," मालक पडल्या पडल्या म्हणाला.

"दव पोताना मधमा पडस? वर कोल्लं आणि मधमा दव? तुम्ही कोयसा इकतस का पानी?"

"हॉटेलवाले हाच नेतात."

"मंग त्यासले पानी शिजाडता येत व्हई."

मालक उठून बसला. मला म्हणाला, "सर, वडील फार बोलतात."

मी म्हणालो, "हो, बोलतात." आणि आम्ही निघालो.

वाटेत आबांनी जळगावच्या वखारींची, जळगावच्या रस्त्यांची आणि माझ्या गाडी चालवण्याची यथेच्छ निंदा केली. रिंगरोडला एका नव्या मोठ्या दुकानात मी मुद्दाम थांबलो, कारण तिथेही कोळशाच्या पिशव्या असतात हे मला ठाऊक होतं आणि मला त्यांचं बोलणं थांबू द्यायचं नव्हतं. तिथे थंडगार हवेत, बिस्किटांच्या रांगेशेजारी, कोळसा ठेवला होता. एका पिशवीवर लिहिलं होतं की हा कोळसा निसर्गाशी नातं जोडतो. मी ते त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी पिशवी हलवून कानाशी धरली. आतून वाळूसारखा आवाज आला. "नातं मोडी गयं," ते म्हणाले आणि पिशवी बिस्किटांत ठेवून दिली.

हवा तसा कोळसा शेवटी जामनेर रस्त्याच्या बाजूला एका लहान वखारीत मिळाला. तोही सगळा चांगला नव्हताच. आबांनी तिथेच तरट मागितलं, उकिडवे बसले आणि दोन पोती उपडी करून त्यातून एक पोतं केलं. वखारवाला चहा पीत बघत होता. त्याने एकदा विचारलं, "लग्नाचं जेवण आहे का?" आबा म्हणाले, "नही. शेजारीले शिकाडानं शे." मीही शेजारी बसून वाजवून पाहत होतो. मी बाजूला काढलेले दोन तुकडे त्यांनी काही न बोलता परत चांगल्यात टाकले आणि चांगल्यात टाकलेला एक बाहेर काढला. "ग्रेड," असं पुटपुटले. मी त्यांना पिशवीवरचे शब्द सांगितले होते, त्याचा हा परिणाम.

तो आठवडाभर घरात वेगळाच माणूस होता. सकाळी अंगणात पोतं पसरून ऊन देणं, पुन्हा निवडणं, मोठे तुकडे खाली आणि लहान वर असे दोन डबे भरणं. माझ्या बायकोला त्यांनी सांगितलं की तुझ्या गॅसच्या भाकरीला पापुद्रा येत नाही. आबा पुन्हा नापास करायला लागले या आनंदात ती रात्रीच्या भाजीत दोनदा मीठ टाकून बसली. मला तेव्हा वाटायला लागलं की पिशवी खाटेखालून निघेल. पण संक्रांत जवळ येत होती आणि पिशवी तिथेच होती. मी झाडायच्या निमित्ताने रोज बघत होतो.

पुढच्या रविवारी साहेबांनी सकाळी फिरायला येणाऱ्या त्यांच्या मंडळींना बोलावलं. ही मंडळी म्हणजे सगळे निवृत्त, पांढरे बूट घातलेले, आणि प्रत्येकाला भाजण्यातलं कळतं. एकाने सांगितलं की दुबईला त्याच्या मुलीकडे लाकडाचे खास तुकडे मिळतात. दुसरा म्हणाला, कोळसा लाल असताना पदार्थ ठेवायचा. तिसरा म्हणाला, काळा असताना. आबा खुर्ची घेऊन शेगडीशेजारी बसले होते. त्यांनी तेलाची बाटली लांब ठेवायला लावली. थोड्या गोवऱ्या आणि नारळाच्या शेंड्या घालून त्यांनी कोळसा पेटवला आणि पांढरी राख चढेपर्यंत कोणालाही जवळ येऊ दिलं नाही.

"आबा, आता ठेवू?" साहेब पनीरच्या सळया धरून उभे.

"रेल्वे टाइमवर जास का?"

"कधी कधी."

"मंग थांबा."

मग त्यांनी हात निखाऱ्यांवर धरून मान हलवली, आणि खरंच सांगतो, तसं पनीर आणि तशी कणसं मी कुठे खाल्ली नाहीत. धूर नाही, ठिणगी नाही, तडतड नाही. भिंतीपलीकडे माझी बायको वाळत घातलेले कपडे काढायला धावली होती, तिला काढायची गरज पडली नाही. दुबईवाल्याने दुसरं कणीस उचललं. आबांनी कोणाकडेही न बघता पाय लांब केले. कोर्टातल्या वकिलाची कॉलर बघून झाल्यावर ते जसे पाय लांब करायचे, तसेच.

आणि मग साहेबांच्या घरच्या काकू वांगी घेऊन बाहेर आल्या.

काकू रावेरकडच्या, केळी-कापसाच्या घरातल्या. हिवाळ्यात आमच्या भागात भरताशिवाय जेवण संपत नाही. हिरवी, अंगावर पांढरे पट्टे असलेली, हाताएवढी वांगी त्यांच्या भावाच्या शेतातून आली होती. त्यांनी ती तेल लावून शेगडीवर मांडली. आबांनी स्वतः फिरवली. साल सुटली, आतला गर मऊ झाला, एकही वांगं जळालं नाही. मिरच्या भाजल्या. काकूंनी लाकडी बडगीत, म्हणजे भरीत ठेचायच्या खोलगट भांड्यात, सगळं घेतलं, लसूण, कांद्याची पात, दाणे घातले, मुसळीने ठेचलं. कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, पुऱ्या तळून तयार होत्या. सगळ्यांना वाढलं. आबांना सर्वांत आधी.

सगळ्यांनी घास घेतला आणि दुसऱ्या घासाला सगळे नुसती पुरीच खाऊ लागले.

भरीत वाईट नव्हतं. मीठ बरोबर, मिरची बरोबर. पण ते नव्हतंच तिथे. कसं सांगू, एखादा ओळखीचा माणूस दारात यावा आणि त्याने तोंड उघडू नये, तसं. दुबईवाल्याने "छान आहे" म्हटलं. त्याने ते ज्या आवाजात म्हटलं त्यावरून सगळ्यांना कळलं की छान नाही.

मी आबांकडे बघत होतो. त्यांनी दुसरा घास घेतला. तिसरा घेतला नाही. ताट मांडीवर ठेवून ते बडगीकडे बघत राहिले.

"बाई," ते शेवटी म्हणाले, "हाई भरीत नही. हाई उकडेल वांगं शे."

काकू तोंडावर पदर धरून हसत होत्या. बराच वेळ दाबून धरलेलं हसू असावं.

"हाव, आबा. म्या तं तवाच पाह्यलं. वांग्याले इस्तरी केली तुम्ही. घडी तं मस्त बसली, पन धूर कुठी गेला?"

सगळे हसले. साहेब सर्वांत जास्त. मला हसू आलं नाही, कारण काकू जे म्हणाल्या ते खरं होतं आणि ते किती खरं होतं हे त्या अंगणात फक्त मला आणि आबांना कळलं होतं. भरताची वांगी कपाशीच्या वाळलेल्या काटक्यांवर, पऱ्हाट्यांवर, भाजतात. शेतात पऱ्हाट्या पेटवतात, त्यांचा भडका आणि धूर वांग्याला झोंबतो, साल कोळसा होते, आणि तोच धूर आपण खातो. आबा लहानपणापासून तेच भरीत खात आले होते. मीही. पण आयुष्यभर त्यांनी एकच कोळसा निवडला होता, ज्याचा वास कशालाच लागत नाही. आठवडाभर उन्हात बसून त्यांनी धुरणारा प्रत्येक तुकडा वेचून फेकला होता. वांग्याला जे हवं होतं तेच फेकलं होतं. पनीरला ते चाललं, कारण पनीरला स्वतःचं काही म्हणणं नसतं. आणि मी, गुणवत्ता विभागातला माणूस, शेजारी बसून तुकडे वाजवत होतो. काम काय आहे हे मीही विचारलं नव्हतं.

आबा उठले, हात धुतले आणि आमच्या फाटकातून घरात गेले. साहेब म्हणाले, "अहो, चिडले की काय?" काकूंचा चेहरा उतरला. मी म्हणालो की नाही, त्यांची झोपायची वेळ आहे. ती नव्हती.

मी घरात गेलो तेव्हा ते खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. पिशवी खाटेखालून बाहेर ओढलेली होती. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "आबा, पनीर फार छान झालं होतं." ते म्हणाले, "पनीर," आणि त्या एका शब्दात पनीरची, साहेबांची, पांढऱ्या बुटांची आणि माझी अशी सगळ्यांची किंमत केली. मला खात्री झाली की हे उद्या जाणार. संक्रांतीची वाटसुद्धा बघणार नाहीत. त्या बंद दुकानामागच्या खोलीत, त्या मोरीत, त्या आतून कडी लावलेल्या दाराआड.

सकाळी मी कामावर रजा टाकायची म्हणून फोन हातात घेऊनच उठलो. खाट रिकामी होती. पिशवी मात्र तिथेच. मागच्या अंगणातून आवाज येत होता.

आबा भिंतीपाशी उभे होते आणि पलीकडे काकू तुळशीला पाणी घालत होत्या.

"तुमना भाऊनी कपाशी उपटी का नही?"

"उपटली ना आबा. पऱ्हाट्यांचा ढीग लागला बांधावर. तो तं जाळणारच होता."

"फोन करा त्याले. सांगा, जाळू नको. वाळेल पऱ्हाट्या पाहिजेत. वल्ल्या आन्यात ते मी घेनार नही."

"कितीक आनू?"

"आना. मी निवडसू."

"आता पऱ्हाट्या बी निवडता का?"

"बठ्ठं निवडनं पडस, बाई. तुमले कोनी निवडाले शिकाडं नही म्हणून तुमना साहेबनी भुसाना लाडू लिन्हात."

काकूंनी तांब्या कठड्यावर ठेवला. "या आबा येत्या रविवारी. पाहू मंग कोणाचं भरीत."

ते माझ्याकडे वळले. माझ्या हातातला फोन बघून त्यांना काय समजायचं ते समजलं असावं, कारण ते आवाज खाली आणून बोलले.

"आज जात नही मी. आज गऊ ते ती बाई जलमभर सांगी, पयी गया म्हातारा."

मी म्हणालो, "बरं." एवढंच. जास्त काही बोललो असतो तर त्यांनी तेही नापास केलं असतं.

ते पुढे म्हणाले की धुळ्याच्या खोलीत फळीवर कोळशाची मोठी चाळणी आहे, तारेची, आईची. आणि लांब चिमटा. इथल्या चिमट्याने निखारा धरता येत नाही, चटकेच बसतात. शनिवारी जाऊन दोन्ही घेऊन ये. मी विचारलं, तुम्ही येता का बरोबर? ते म्हणाले, "मी काब्र? मना काय शे तठे?"

मी शनिवारी धुळ्याला गेलो. खोलीची कडी अजून वाकलेलीच होती. चाळणी होती तिथेच मिळाली, तिच्या तारांत अजून काळी भुकटी अडकलेली होती. कोळशाची इस्त्रीही कोपऱ्यात होती. ती मी नेली नाही, त्यांनी सांगितली नव्हती. चाळणी आणि चिमटा जुन्या चादरीत गुंडाळून सुतळीने बांधले आणि एसटीने संध्याकाळपर्यंत घरी आलो.

आबा फाटकाशीच होते. अंगणात भिंतीला लागून पऱ्हाट्यांच्या दोन मोळ्या उभ्या केलेल्या, आणि तिसरी, नापास झालेली, बाजूला आडवी टाकलेली. त्यांनी माझ्या हातातून गाठोडं घेतलं. चाळणीची एक कड चादरीतून बाहेर आलेली होती आणि सुतळीची गाठ अर्धी सुटली होती.

"कॉलेजमा शिकाडं तुले," ते म्हणाले, "आनि धड बांधता बी येत नही."

मग खुर्चीत बसून ते गाठ सोडू लागले.